उजव्या हाताचा ठेका

व्होलबीट या मेटल बँडचा ‘गॉड ऑफ एंजल्स ट्रस्ट’ हा अल्बम ६ जून २०२५ ला आला. तेव्हापासून तो किती वेळा ऐकला त्याचा हिशेब नाही, पण त्यातलं पाचवं गाणं अण्णांना ऐकवलं ती संध्याकाळ पक्की लक्षात आहे. तिकडे येतोच, आधी बँडबद्दल.

व्होलबीट हा कोपनहेगनचा बँड, २००१ पासूनचा. मायकेल पॉल्सेन गातो, गिटार वाजवतो, गाणी रचतो. त्याआधी तो डॉमिनस नावाच्या डेथ मेटल (गुरगुरत गायलं जाणारं, फार जड मेटल) बँडमध्ये होता, आणि व्होलबीट हे नावसुद्धा डॉमिनसच्याच एका अल्बमवरून आलं. बाहेर डेथ मेटल, पण घरात आईवडिलांच्या रेकॉर्डवर एल्विस आणि जॉनी कॅश. पुढे वडील गेले तेव्हा त्याने ‘फॉलन’ लिहिलं. २०१० च्या अल्बमवर आहे. ते गाणं मी एका बैठकीत सलग दोनदा कधी ऐकू शकलेलो नाही.

या बँडबद्दल सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं: थोडं मेटल, थोडं रॉकबिली (एल्विस-कॅशच्या सुरुवातीच्या काळातलं रॉक अँड रोल), थोडं पंक, अशी मिसळ. मला ते पटत नाही. मिसळीत कट वेगळा दिसतो, फरसाण वेगळं दिसतं, मटकी वेगळी. इथे तसं काही वेगळं काढून दाखवता येत नाही, आणि का येत नाही ते गिटार हातात घेतल्यावर कळतं. सगळा कारभार उजव्या हाताचा आहे.

जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विसची पहिली सिंगल रेकॉर्ड झाली तेव्हा तिथे ड्रम नव्हतेच. बिल ब्लॅक डबल बेसची तार ओढायचा आणि लाकडावर आपटायचा, तोच ठेका. कॅशकडेही सुरुवातीला ड्रमर नव्हता. १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’साठी त्याने गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला, म्हणजे तारा वाजताना स्नेअर ड्रमसारखी खरखर येईल. पुढे न्यूयॉर्कमध्ये रामोन्स या पंक बँडचा जॉनी रामोन आला आणि हात फक्त वरून खाली, वरून खाली मारत राहिला. आणि मेटलवाले? तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकवायची आणि तसाच वरून खाली मारा करायचा. म्हणजे ड्रम असोत वा नसोत, तारांनीच ठेका धरायचा, हे मूळ रॉकबिली, पंक, मेटल तिघांचं एकच. पॉल्सेनचा हात या तिन्ही घरांत वाढलाय.

कागदाचा प्रयोग मी घरी करून पाहिला. यंत्रमागाच्या शेडमधली हजेरीची जुनी वही माळ्यावर सापडली, तिचं एक पान फाडून चौपदरी घडी केली आणि तारांच्या वरून-खालून, वरून-खालून असं बाराव्या पट्टीच्या आसपास ओवलं. ई चा कॉर्ड धरला, हात मारला आणि अंगावर काटा आला. हा आवाज मी ओळखत होतो.

इचलकरंजीत आमच्या घराखालीच आठ साध्या मागांची शेड होती. रात्रपाळी चालू असली की आम्हा भावंडांना गाढ झोप लागायची आणि वीज गेली की जाग यायची. आडवं सूत नेणारा धोटा या पेटीतून उडून त्या पेटीत आदळतो, लगेच फणी ठोका देते, की धोटा परत. खट्-फट्, खट्-फट्. एका मागाचा तो ताल. आठ माग एकदम चालू असले की तोच ताल जाड होऊन भिंतीतून गादीत यायचा. लोक कॅशच्या ठेक्याला आगगाडी म्हणतात. मी आगगाडीच्या गावचा नाही, माझ्यासाठी तो माग आहे.

नव्या अल्बमवर दहाच गाणी आहेत. या खेपेला पॉल्सेनने ठरवून आपलेच नियम मोडलेत: कडवं, धृपद, कडवं, धृपद ही नेहमीची चाल त्याने बाजूला ठेवली. लीड गिटारवाला रॉब कॅगियानो २०२३ मध्ये बँड सोडून गेला, त्यामुळे आता तिघेच उरलेत: पॉल्सेन, बेसवर कास्पर बॉय लार्सन, ड्रमवर यॉन लार्सन. लीड गिटारला फ्लेमिंग लुंड पाहुणा म्हणून आलाय. मला हे मानवलं. ‘बेटर बी फ्युएल्ड दॅन टेम्ड’ ऐका. एका दमात पळणारं गाणं आहे, सजावट कमी, हात जास्त. ‘टाइम विल हील’मध्ये मात्र पॉल्सेनच्या गळ्यातला एल्विस पुढे येतो, स्वर लांबवताना तो शेवटी जी हलकी थरथर देतो ती कुठल्याही डेथ मेटलच्या शाळेत शिकवत नाहीत.

एक खंत आहे, ती सांगितलीच पाहिजे. २०२१ च्या ‘वेट अ मिनिट माय गर्ल’मध्ये पियानो आणि सॅक्सोफोन उघडउघड नाचत होते. तसं मोकळं गाणं इथे एक तरी हवं होतं. रॉकबिली इथे आहे, पण आत मुरलेलं आहे, शोधावं लागतं.

पाचव्या गाण्यात ते सर्वांत चांगलं सापडतं. नाव भलतं लांब आहे, ‘इन द बार्न ऑफ द गोट’ने सुरू होतं आणि संपता संपत नाही. जड, काळाकुट्ट रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) चालू असतो आणि मग गिटार एकदम झुलायला लागते.

अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत. मागांनी कान नेले, समोर बसून मोठ्याने बोलावं लागतं. रॉक अँड रोल त्यांनी पोरवयात रेडिओवर ऐकलेलं, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं ‘ईना मीना डीका’. त्या संध्याकाळी मी हे गाणं ॲम्प्लिफायरवर लावून सोबत वाजवत होतो. अण्णा आत आले, खुर्ची ओढली आणि तळहात ॲम्पच्या लाकडावर ठेवला. माग नीट चालतोय का ते बघायला ते साच्यावर असाच हात ठेवायचे. डोळे मिटलेले. मी वाजवायचं थांबवलं, गाणं चालू राहिलं.

मध्येच त्यांनी हात उचलला, परत ठेवला. म्हणाले, “हितं माग बदलला रं. आधी जाड सूत होतं, आता बारीक लावलंय.”

मी गाणं मागे घेतलं. अण्णांनी हात उचलला होता ती बरोबर तीच जागा, जिथे जड रिफ सुटतो आणि गिटार झुलायला लागते. माझ्या हाताला ते वळण अजून बसलेलं नाही. दर वेळी अर्धी मात्रा आधी सुटतो. रोज रात्री जेवणं झाली की हजेरीचं ते पान तारांत ओवतो आणि तेवढाच तुकडा सावकाश वाजवतो. अण्णा हात ठेवून बसतात. आधी सुटलो की बोटानं लाकडावर टकटक करतात.