न तुटलेले धागे: दोष मॅटचा की पात्याचा?

क्विल्टसाठी कापड कटिंग मॅटवर (पातं टेबलात उतरू नये म्हणून खाली घालायच्या प्लास्टिकच्या पाटावर) पसरलं, रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा चाकू, फिरवला, कापलेली पट्टी उचलली आणि मध्येच चार धागे तसेच जोडलेले. मग वाटतं, पातं बदला, तेवढ्याने भागलं नाही तर नवी मॅट मागवा. दोन्ही खर्च करण्याआधी टेप घ्या आणि न कापल्या गेलेल्या जागांमधलं अंतर मोजा.

४५ मिलिमीटरच्या पात्याचा एक पूर्ण फेरा साधारण १४ सेंटिमीटरचा, म्हणजे साडेपाच इंचांचा असतो. दर १४ सेंटिमीटरवर धागे सुटत असतील तर पात्याच्या धारेला खाच पडली आहे. बहुतेक वेळा टाचणीवरून गेल्यामुळे. पातं ६० मिलिमीटरचं असेल तर हेच अंतर १९ सेंटिमीटरच्या आसपास येतं, २८ चं असेल तर ९ च्या. अंतर असं ठरावीक नसेल, पण मॅटच्या एकाच जागी दर वेळी धागे राहत असतील, तर तिथे चर पडला आहे. पातं त्या चरात उतरतं, कापडाला खालून आधार मिळत नाही, आणि धागा तुटण्याऐवजी चरात दाबला जातो. आणि मॅट फिरवून ठेवली तरी दोष खोलीतल्या त्याच जागी राहिला, तर तो खालच्या फरशीचा. शहाबादी फरशीवर बसून कापणाऱ्यांना हे हमखास भेटतं: सांध्याशी फरशी खालीवर असते आणि मॅट तिथे वाकते. खाली सपाट प्लायवूड घातलं की प्रश्न मिटतो. गादीवर किंवा सतरंजीवर मॅट पसरून तर कधीच कापू नये.

मॅटमधले चर मुळात पडतात कसे, हे समजलं की निगा आपोआप कळते. आपण वापरतो त्या मॅटचा वरचा थर मऊसर पीव्हीसीचा असतो. बारीक पातं त्याला फक्त बाजूला सारतं, आणि पातं पुढे गेलं की तो पुन्हा मिटतो. ‘सेल्फ हीलिंग’ म्हणतात ते एवढंच. तुटलेलं काही भरून येत नाही. या फटीत सुती धागे, बॅटिंगची (क्विल्टच्या आतल्या मऊ थराची) पिंज किंवा फ्लॅनेलची लव अडकली तर फट मिटायला जागाच उरत नाही. पुढचं पातं तिथेच घसरतं, आणखी लव आत ढकलतं, आणि फटीचा चर होतो. म्हणून बॅटिंग कापून झालं की मॅट त्याच वेळी साफ करावी. पांढरा खोडरबर रेषांना आडवा घासला की लव वर येते. नुसत्या हातांनी झटकून ती निघत नाही.

महिन्या-दीड महिन्याने धुवावी. साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. तारेची घासणी नको, थिनर किंवा ॲसिटोन नको, गरम पाणी तर नकोच. कोरड्या फडक्याने पुसून आडवी ठेवून वाळवा, उन्हात नाही.

उष्णता हा मॅटचा खरा शत्रू. चहाचा कप ठेवला की गोल फुगवटा येतो. इस्त्री करून गरमागरम कापड लगेच पसरणंही टाळा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तासभर राहिलेली मॅट पापडासारखी वळते. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर काही आठवड्यांत पोक येतो. पलंगाखाली आडवी ठेवा किंवा वरच्या कडेला दोन क्लिपा लावून सरळ टांगा. हलका बाक आला असेल तर कोमट मॅट सपाट टेबलावर ठेवून वर पुस्तकांचं वजन दोन-तीन दिवस राहू द्यावं. घडी पडून पांढरी रेघ उमटली असेल तर मात्र ती जात नाही. कुरिअरने गुंडाळून आलेली मॅट त्याच दिवशी उलगडून वजनाखाली घाला.

आता घ्यायची कोणती? आकार कापडाच्या पन्ह्यावरून ठरवा. ४४ इंची कापड एकदा दुमडलं की २२ इंच होतं. ए२ मॅट बाहेरून ६० बाय ४५ सेंटिमीटर असते, पण आखणी कडेपासून थोडी आत सुरू होते, त्यामुळे २२ इंच जेमतेम बसतात. ३६ इंची पॉपलीन दुमडल्यावर १८ इंच, तिला ए२ निवांत पुरते. ए३ वर कापायचं तर दोनदा दुमडावं लागतं, आणि दुसरी घडी जराशी तिरकी पडली की पट्टी उघडल्यावर मध्ये ‘व्ही’सारखी वाकलेली निघते. माझं स्पष्ट मत: पहिली मॅट ए२च घ्यावी. जागा असेल तर ए१, म्हणजे ९० बाय ६०. स्वयंपाकाचा ओटा साधारण दोन फूट खोल असतो आणि उंचीही उभ्याने कापायला छान. फक्त गॅसपासून लांब राहायचं आणि हळदीचा डाग आधी पुसायचा. जाडी ३ मिलिमीटर पाहा. पातळ मॅट सपाट राहत नाही.

मॅटवरच्या छापील रेषांवर माप घेऊ नका. त्या कापड सरळ ठेवायला आहेत. माप ॲक्रिलिक पट्टीनेच घ्या, कारण दोन्हींच्या इंचात केसभर फरक असू शकतो, आणि वीस पट्ट्या जोडल्यावर तो केस पाव इंचाला भिडतो. शिवाय रोज अडीच इंचाच्या त्याच छापील रेषेवर कापलं की चर तिथेच पडतो. दर दोन-तीन दिवसांनी मॅट काटकोनात फिरवा, मग उलटी करा. दोन्ही बाजू कापण्यायोग्य आहेत ना, हे घेतानाच पाहा.

कटर दाबून चालवू नका. जोर लावावा लागत असेल तर पातं बोथट झालं आहे. जोराने वरचा थर फाटतो आणि फाटलेला थर मिटत नाही. कागद आणि पुठ्ठा कापायचा चाकू या मॅटवर आणायचाच नाही. तो तिरका बसला तर साल निघाल्यासारखा तुकडा उचकटतो. त्या कामाला जुनी ए४ वेगळी ठेवा.

दोन्ही बाजूंना खोडरबरानेही न सुटणारे चर झाले की मोठ्या कामातून मॅट काढावी. कडेचा भाग सहसा चांगला असतो. धातूची पट्टी लावून जाड कटरने हळूहळू अनेक फेऱ्यांत १२ इंचाचा चौकोन कापून काढा आणि शिलाई मशीनशेजारी ब्लॉकच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनाच्या, कडा सरळ करायला ठेवा.