टीव्ही बंद करून बोलायचं काय?

सांगलीत वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्याकडे येणारी बहुतेक मुले उशिरा बोलतात म्हणून येतात; हा साडेतीन वर्षांचा मुलगा मात्र चावतो म्हणून आला होता. बालवाडीत त्याने इतर मुलांच्या दंडाला चावे घेतले होते आणि आधी डॉक्टरांना दाखवा, मगच पाठवा, असे बाईंनी त्याच्या आईला बजावले होते. घरच्यांचे निदान तयार होते: कार्टूनमधली मारामारी बघून पोरगं बिघडलं.

या निदानात तथ्य असू शकत होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी पुढे स्वतःही ती बाहुली तशीच बडवली होती, आणि १९६३ मध्ये तेच दृश्य पडद्यावर दाखवले तेव्हाही मुलांनी त्याची नक्कल केली होती. मुले पाहिलेले करून बघतात याविषयी मला शंका नाही. परंतु हा मुलगा नेमका कधी चावतो असे मी फोनवर बालवाडीच्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितलेला प्रत्येक प्रसंग सारखाच निघाला. कुणी त्याच्या हातातले खेळणे ओढले, कुणी त्याच्या पाटावर बसले, की तो चावत असे. म्हणजे जिथे दुसरे मूल ‘माझं आहे, दे’ असे म्हणाले असते, तिथे.

श्रवणतपासणीत काहीच दोष आढळला नाही. खोलीत खेळता खेळता त्याने एक हिंदी जाहिरात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, निवेदकाच्या चढउतारांसह म्हणून दाखवली. घरात हिंदी कुणीच बोलत नाही. आईला त्याचे कौतुक वाटले, आणि ते स्वाभाविक होते. मी मात्र सावध झाले, कारण ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणे हे स्वमग्नतेतही (ऑटिझम) दिसते. म्हणून मी घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात एक बिस्किट ठेवून तो डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने झाकणाशी झटापट केली, मग माझ्या डोळ्यांत पाहिले, डब्याकडे पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहून डबा पुढे केला. मागायचे कुणाकडे, हे त्याला पक्के ठाऊक होते. मागण्यासाठी शब्द तेवढा नव्हता. एवढ्यावर स्वमग्नता नाही असे ठरवता येत नाही, त्यामुळे बाकीच्या चाचण्याही केल्या आणि त्या समाधानकारक निघाल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वडील एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होते. एकाच खोलीत एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला कॉट आणि भिंतीवर टीव्ही. आजीची मालिका चालू होती, आई भाकऱ्या थापत होती. त्या वेळात मुलाच्या कानावर त्याच्यासाठी म्हणून पडलेली वाक्ये मी वहीत टिपली: ‘आ कर’, ‘गिळ लवकर’, ‘बस तिथं’, ‘हात लावू नको’. उत्तराची अपेक्षा असलेले त्यात एकही नव्हते.

थोड्या वेळाने तो उठला, आईच्या पदराला धरून माठाकडे बोट दाखवत ‘अँ, अँ’ करू लागला. टीव्हीच्या आवाजात ते तिला ऐकू गेले नाही. त्याने पुन्हा पदर ओढला; तिने तव्यावरची नजर न काढता ‘थांब रे’ म्हटले. मग त्याने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. ती कळवळली, एक धपाटा घातला आणि लगेच पाणी दिले. मारामारीचे एकही दृश्य त्या वेळी पडद्यावर नव्हते; दोन बायका दागिन्यांवरून बोलत होत्या. चावल्यावर पाणी मिळते, हे त्या मुलाला घरातच अनुभवाने कळले होते.

२००९ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ डिमिट्री क्रिस्टाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रक यंत्रे बांधून केलेल्या अभ्यासात, टीव्हीच्या ऐकू येणाऱ्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी झालेले आढळले होते. पडद्यातून येणारे शब्द ही तूट भरून काढत नाहीत. बाळे भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये दाखवले की, प्रत्यक्ष व्यक्तीकडून मँडरिन चिनी ऐकलेली अमेरिकी तान्ही बाळे त्या भाषेतील ध्वनी ओळखू लागली, तर तेच टीव्हीवर पाहिलेली बाळे काहीच शिकली नाहीत. पडदा मुलाच्या बोटाकडे पाहत नाही, त्याच्या ‘अँ’ला ‘पाणी हवं का?’ असे उत्तर देत नाही. म्हणून घरात काय पाहिले जाते याआधी, टीव्ही चालू असताना मुलाशी कोण बोलते, हे मी विचारते.

मालिका संपल्यावर मी हे समजावून सांगितले, तेव्हा आजींनी अगदी मनापासून विचारले, ‘‘मॅडम, टीव्ही बंद करून त्याच्याशी बोलायचं तरी काय? त्याला काय कळतंय?’’ सून खाली मान घालून बसली होती. पहाटे पाचला उठून दिवसभर एकटीने घर ओढणाऱ्या त्या बाईला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या हाताखाली त्या टीव्हीशिवाय कुणीही नव्हते.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार २ वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त १ तास. मी मात्र त्या दिवशी तासांचा हिशेब मांडला नाही. कुणी पाहत नसताना टीव्ही बंद, आणि जेवताना बंद, एवढेच ठरवले. आजींपुढे तांदळाचे ताट होते. ‘‘तुम्ही जे करताय तेच त्याला सांगा, आणि मग थोडं थांबा,’’ असे मी म्हणाले. त्यांनी संकोचत ‘‘हा बघ खडा. खडा टाकला,’’ म्हटले. तो ताटाशी येऊन बसला, एक दाणा उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला. ‘‘हा खडा नाही, तांदूळ,’’ त्या म्हणाल्या. दुसरा धरला. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच ‘खडा’ म्हटले, आणि तो खरोखरच खडा होता.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. टीव्हीविना जेवायला बसवले की तो ताट ढकलत असे आणि आई रडवेली होऊन मला फोन करत असे. आता तो बालवाडीत परत जातो. ‘दे’, ‘माझं’ आणि ‘नको’ हे शब्द तो वापरतो आणि चावणे बरेच कमी झाले आहे. मात्र दोन शब्द जोडून बोलणे अजून जमत नाही, त्यामुळे उपचार चालू आहेत आणि हल्ली त्याच्याबरोबर आजीही येतात.