तारल्यांचं हुमण आणि साठावा अध्याय

'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचं कुठलंही भाषांतर हातात आलं की आधी साठावा अध्याय उघडावा. पहिला अध्याय सगळेच वाचतात, म्हणून प्रत्येक भाषांतरकाराने तो घासूनपुसून लख्ख केलेला असतो. साठाव्यावर तेवढी मेहनत झालेली नसते, त्यामुळे माणसाची खरी सवय तिथे दिसते.

त्याची पहिली ओळ मुळात सात अक्षरांची. शब्दापुढे शब्द ठेवला तर: चालवणे, मोठे, राज्य, जसे, शिजवणे, लहान, मासळी. एकवचन की अनेकवचन ते कळत नाही, आणि असं का म्हटलंय तेही सांगितलेलं नाही.

आता तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवा. जेम्स लेग (1891) म्हणतो, बारीक मासळी शिजवण्यासारखं. डी. सी. लाऊ (1963) म्हणतो, एक लहान मासा उकडण्यासारखं. स्टीफन मिचेल (1988) मासा तळतो, आणि लगेच वर सांगतो की फार टोचत बसलं तर तो बिघडतो.

गोव्यातल्या स्वयंपाकघरात या तीन वाक्यांतला फरक चटकन कळतो. तव्यावरचा मासा एकदा तरी उलटावाच लागतो. खालची बाजू खरपूस झाली की तो आपणहून सुटतो, घाई केली तर कातडी तव्याला राहते. तारल्यांच्या हुमणाचं तसं नाही. वाटण उकळलं, सोलं आणि तिरफळं पडली की तारले अलगद सोडायचे, आणि त्यानंतर डाव भांड्यात जात नाही. मीठ सगळीकडे लागायला हवं असेल तर भांडं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवायचं. एकदा जरी ढवळलं तरी पोटाकडचा भाग सुटतो आणि काटे रश्शात उतरतात. मूळ क्रियापद शिजवण्याचं आहे, आणि जुन्या टीकाकारांना, म्हणजे भाष्यकारांना, हेच चित्र दिसत होतं. हशांग कुंगच्या नावावरची टीका सांगते: बारीक मासळी शिजवताना आतडी काढत नाहीत, खवलं काढत नाहीत, ढवळत नाहीत, नाहीतर लगदा होईल. आपण तारले साफ करून घेतो, पण तिसरी गोष्ट तंतोतंत जुळते.

म्हणजे मिचेलचं दुसरं वाक्य चूक नाही, पण ते मुळातलंही नाही. टीकेतला अर्थ त्याने संहितेत ओतला आहे. त्याने चिनीवरून थेट भाषांतर केलेलं नाही, आधीच्या भाषांतरांवरून आपली आवृत्ती रचली. वाचायला ती सुरेख आहे, तुलनेत मात्र तिला साक्षीदार धरू नये. लाऊचा 'एक मासा' मला पटत नाही. एकट्या माशाला सांभाळता येतं, प्रजा म्हणजे भांडंभर बारीक मासळी. लेगचं इंग्रजी एकही वाचता येतं, अनेकही, आणि इथे तरी तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

दुसरा प्रश्न: भाषांतर कुठल्या प्रतीवरून केलंय? फार दिवस सगळे वांग पी (226–249) याच्या टीकेसोबत आलेली संहिता वापरत. 1973 मध्ये चीनमधल्या मावांगतुइ इथल्या, इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावरच्या दोन प्रती मिळाल्या. 1993 मध्ये कुओत्येनला बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, साधारण इ.स.पू. 300 च्या, पण त्यांत ग्रंथाचा थोडाच भाग आहे. ग्रंथाचे भाग दोन, 'ताओ' आणि 'ते' (अडतिसाव्यापासून पुढचा); रेशमी प्रतींत 'ते'चा भाग आधी येतो, म्हणून रॉबर्ट हेन्रिक्सचं 1989 चं पुस्तक अडतिसाव्या अध्यायापासून सुरू होतं. ती छापण्यातली चूक नव्हे.

प्रत ओळखायची एक खूण पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत आहे: 'सांगता येतो तो ताओ कायमचा ताओ नव्हे'. 'कायमचा' या अर्थी प्रचलित संहितेत 'छांग' आहे, रेशमी प्रतींत 'हंग'. हान सम्राट वन याचं नाव लिऊ हंग होतं. सम्राटाचं नाव लिहायचं नाही हा नियम, म्हणून पुढच्या नकलाकारांनी शब्द बदलला. अर्थ फारसा हलत नाही. खरा फरक त्याच अध्यायात थोडं पुढे पडतो. तिथे ओळीने शब्द येतात: नेहमी, नाही, इच्छा, पाहणे. 'इच्छे'नंतर थांबलं तर 'नेहमी निरिच्छ राहून पाहावं'. 'नाही'नंतर थांबलं तर 'नेहमी असत् धरून पाहू इच्छावं'. अकराव्या शतकात वांग आन-शी आणि सिमा क्वांग दुसऱ्या बाजूचे होते, आणि 1963 चं विंग-त्सित चान यांचं भाषांतरही त्याच वाटेने जातं. रेशमी प्रतींत 'इच्छे'नंतर 'ये' हा छोटा अव्यय आहे. तो तिथे वाक्यांश बंद करतो, म्हणजे त्या प्रतींपुरता वाद मिटतो.

वही आडवी धरून चार रकाने पाडा: पहिल्यात शब्दशः अर्थ, उरलेल्या तिनांत भाषांतरं. अध्याय 1, 5, 11, 25 आणि 60 पुरेत. पहिल्या रकान्यात नसलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करत जा. पानभर रेघा झाल्या तर ते भाषांतर नव्हे, रूपांतर. पाचव्या अध्यायात 'आकाश आणि पृथ्वी'बद्दल लाऊ 'निर्दय' म्हणतो, लेग लांबण लावून 'उपकाराच्या इच्छेने वागत नाहीत' म्हणतो. मूळ शब्द कन्फ्यूशियसच्या 'रन' (माणुसकी) या सद्गुणाचा नकार आहे, त्यामुळे इथे लेगची लांबण कामाची. मराठीत मी 'कोणाची माया धरत नाहीत' असं म्हणेन.

मराठीत करताना सगळ्यात मोठा धोका आपल्याच श्रीमंतीचा आहे. ताओ म्हटलं की 'ब्रह्म' पुढे येतं, वू-वेइ (शब्दशः 'न करणं') म्हटलं की 'निष्काम कर्म'. पण गीतेतला प्रश्न फळाच्या आसक्तीचा आहे, वू-वेइमधला प्रश्न लुडबुडीचा. त्याला आपल्याकडे रोजचा शब्द आहे: ढवळाढवळ न करणं. साठाव्या अध्यायाचं अख्खं चित्र त्या एका शब्दात मावतं. पंचविसाव्यातलं 'त्स-रान' इंग्रजीत अनेकदा 'निसर्ग' होतं, कारण आजच्या चिनीत त्याचा तो अर्थ आहे. तिथे 'आपसूक' घ्यावं: त्स म्हणजे आपण, रान म्हणजे तसं. उच्चारातही आपण सुदैवी. इंग्रजीला 'टाओ' की 'डाओ' हा घोळ पडतो, मराठी 'त' जवळजवळ मूळ उच्चारच देतो.

गोव्यात या धोक्याची ओळख जुनी आहे. 1616 साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त थॉमस स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' घेतलं. ओवी वाचकाच्या ओठांवर बसली, पण त्या शब्दाबरोबर विष्णूही आला. हाच पेच त्याच्या हजार वर्षं आधी पडला होता. सातव्या शतकात चिनी सम्राटाच्या सांगण्यावरून 'ताओ ते चिंग' कामरूपच्या (आजच्या आसामातल्या) राजासाठी संस्कृतात करायचा होता. 'ताओ'ला ह्युएन त्संग 'मार्ग' म्हणत होता आणि ताओपंथी पंडित 'बोधि'. भाषांतर आज हाती नाही, वादाची नोंद मात्र आहे. मला ह्युएन त्संगचं पटतं, कारण 'मार्ग' पायाखालचा राहतो. तरी मराठीत लिहिताना शब्द 'ताओ'च ठेवावा, आणि जिथे मुळात क्रियापद आहे, म्हणजे पहिल्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत मुळात येणाऱ्या दुसऱ्या 'ताओ'ला, तिथे सरळ 'सांगणं' म्हणावं.