पाकबेंगची रात्र आणि फ्रिजवर राहिलेला डबा

निघायच्या आदल्या रात्री माझी बॅग साडेसात किलो भरली. आग्नेय आशियात 94 दिवस फिरायचं होतं. मधली सगळी विमानं स्वस्तातली आणि सोबत न्यायच्या बॅगेला मर्यादा 7 किलोची. काट्याला बॅग अडकवून आम्ही दोघं तासभर काढ-घाल करत बसलो. शेवटी मी औषधांचा डबा काढून फ्रिजवर ठेवला. 600 ग्रॅम. "अहो, औषधं काय, कुठेही मिळतात," असं मीच म्हणाले. रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पर्समध्ये घेतल्या. मेतकुटाची पिशवी बॅगेत राहू दिली आणि चपलांचा दुसरा जोडही.

बाकी सामान कमी केल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. माणशी तीन जोड कपडे: एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. जीन्स घरी, कारण ती जड आणि वाळता वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचे. दमट हवेत टॉवेलला दुसऱ्या दिवशी वास येतो, पंचा पंख्याखाली तासाभरात सुकतो. विमानात 100 मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, म्हणून शांपू नको, साबणाची वडीच बरी. व्हिएतनामचा महिना आणि उत्तर थायलंडचे दहा दिवस असे आरामात गेले.

चिआंग खोंगहून मेकाँगवरचा पूल ओलांडून आम्ही लाओसमध्ये ह्वे साईला उतरलो. तिथून लुआंग प्रबांगला जाणारी संथ होडी दोन दिवस घेते आणि मधला मुक्काम पाकबेंगला. होडी लांबलचक, बाकांच्या जागी जुन्या गाड्यांच्या सीटा ठोकलेल्या. मागे इंजिनाचा आवाज, पुढे दहा-बारा तरुण मंडळींची बिअर आणि स्पीकर. दोन्ही काठांवर इतकं शांत जंगल असताना त्या स्पीकरचा मला फार राग आला. ह्यांनी दुपारीच जेवण नको म्हटलं. मला वाटलं, आवाजाने डोकं उठलं असेल.

पाकबेंगला धक्का म्हणजे नदीचा उभा उतार. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून दोन्ही बॅगा मी घेतल्या आणि चढले. एकसष्टाव्या वर्षी. बॅगा पंधरा-पंधरा किलोच्या असत्या तर मी त्या उतारावर कुठे बसले असते कोण जाणे.

रात्री एकनंतर उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पहाटे तीनपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. अंगात कणकण. गावात एक रस्ता, सगळी दुकानं बंद, आणि आमची ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या साखर-मिठाची, दहा पाकिटं डोंबिवलीत फ्रिजवर. स्वतःच्या हाताने काढून ठेवलेली. त्या वेळी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

शेजारच्या खोलीतला मुलगा आवाजाने उठून आला. त्याने मनापासून तापाची गोळी पुढे केली. पट्टी बघितली तर आयबुप्रोफेन. मी घेतली नाही. डेंग्यूच्या मुलखात तापाचं कारण कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळायची असते, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते.

मग खाली जाऊन गेस्टहाउसच्या मालकीणबाईंना उठवलं. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. मी पोटावर हात ठेवला, वर बोट दाखवलं. "बो पेन न्यांग," म्हणाल्या, म्हणजे काही हरकत नाही, आणि स्वयंपाकघराचा दिवा लावला. साखर, मीठ आणि चहाचा चमचा मी खुणेनेच मागितला. एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे शाळेत शिकवताना शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. पाण्याची बंद बाटली दीड लिटरची, म्हणून साखर नऊ चमचे, मीठ पाऊण. मीठ मोजताना हात थरथरत होता. ते जास्त झालं तर अपाय होतो.

त्यातली साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषलं जातं आणि त्यांच्यामागे पाणी. जुलाब चालू असतानाही हे काम बंद पडत नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी अशाच द्रावणावर असंख्य माणसं वाचवली. मुलांना हा धडा सांगताना मला अभिमान वाटायचा. त्या रात्री माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता.

दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. "अहो, एकच घ्या," असं किती वेळा म्हटलं असेन. रक्त पडतंय का, लघवी होतेय का, बोलणं सरळ आहे का, एवढंच बघत बसले. यातलं एकही बिघडलं तर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा, असं मालकीणबाईंना फोनवरच्या भाषांतराने सांगून ठेवलं. सहाच्या सुमाराला ह्यांना लघवी झाली आणि मला रडू आलं.

सकाळची होडी आम्ही सोडली. नऊ वाजता मालकीणबाई वाडगा घेऊन वर आल्या. खाओ पियाक खाओ, म्हणजे लाओसचा पातळ मऊ भात. एरवी तो मांसाच्या रश्श्यात शिजवतात. आम्ही शाकाहारी आहोत हे त्यांनी आदल्या संध्याकाळी लक्षात ठेवलं होतं, म्हणून नुसत्या पाण्यात, मीठ आणि आल्याचा तुकडा घालून केला होता. वास थेट आमच्या घरच्या पेजेचा. ह्यांनी चार घास खाल्ले. संध्याकाळी पुन्हा तोच भात आला, तेव्हा मी वर चिमूटभर मेतकूट घातलं. मालकीणबाईंनी बोट लावून चाखलं, मान हलवली आणि आणखी मागितलं. हरभऱ्याची डाळ, उडीद, गहू, तांदूळ भाजून दळतात, एवढं फोनला सांगता सांगता आम्ही दोघी बराच वेळ हसत बसलो. खोलीभाड्याखेरीज त्यांनी काही घेतलं नाही. मेतकुटाची अर्धी पिशवी मात्र घेतली.

तिसऱ्या दिवशी लुआंग प्रबांगला उतरलो. आधी औषधांचं दुकान शोधलं: ओआरएसची बारा पाकिटं, पॅरासिटामॉल, थर्मामीटर. रात्री बॅग पुन्हा काट्याला लावली. सव्वासात. चपलांचा दुसरा जोड तिथेच ठेवला.