शेंडा वर, तोंड उजवीकडे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते ड्रॉइंगचे सर आणि जिन्याजवळचं त्यांचं काचेचं कपाट. समुद्रापासून इतक्या लांब आपल्या नागपुरात सरांनी त्यात शंख, कवड्या, वाळलेला तारामासा जपून ठेवला होता.

स्थिरचित्राला शंख मांडला की सर आधी पेन्सिली खाली ठेवायला लावत. तो वाढला कसा, ते बघा म्हणत. शेंडा हा शंखाचा सगळ्यात जुना भाग. आतला प्राणी ओठाच्या, म्हणजे शंखाच्या तोंडाच्या, कडेला चुन्याचा थर चढवत जातो, म्हणून प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा मोठा. वेढे सारख्या रुंदीचे काढले की शंखाची स्प्रिंग होते! सरांचा क्रम पक्का होता: आधी तिरकी अक्षरेषा, तिच्यावर सगळ्यात फुगीर जागेची खूण, मग वेढ्यांमधल्या खाचा, ओठ अगदी शेवटी. तोंडाच्या आत काळा रंग वर्ज्य. तिथे यलो ऑकरमध्ये किंचित क्रिमसन, आणि ते ओलं असतानाच खोलगट भागात बर्न्ट सायना. चमकेच्या जागी कागद कोरा. पांढरा रंग थापला की शंख खडूचा दिसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मध्येच सुकून कडा उमटतात, म्हणून कागद आधी स्पंजाने ओला करायचा.

एकदा सरांनी रेम्ब्रांटच्या १६५० सालच्या शंखाच्या एचिंगचं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलेल्या छाप्याचं, छापील चित्र वर्गात फिरवलं. "पोट्टेहो, चूक सांगा." सगळे छाया-प्रकाशातच अडकले. सरांनी कपाटातला शंख शेंडा वर, तोंड आपल्याकडे असा धरला. तोंड उजवीकडे. चित्रातला शंकूसारखा 'कोन' जातीचा शंखही खरा तसाच असतो, पण छाप्यात तो डावा झालाय. रेम्ब्रांटने ताम्रपटावर जसा दिसला तसा कोरला आणि छापताना तो उलटला. सही मात्र त्याने उलटी कोरली होती, म्हणून ती सरळ वाचता येते. प्राणिशास्त्रात ही चूक चालत नाही, कारण डावा शंख फार क्वचित सापडतो. पूजेत शेंडा खाली धरतात, तेव्हा डाव्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं, म्हणून त्यालाच दक्षिणावर्ती म्हणतात.

आज मी प्राणिशास्त्राच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढतो, तो सरांच्या त्या एका तासामुळे. हल्ली मुलं मोबाइलवरचा फोटो बघून शंख काढतात. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो पुष्कळदा आरशासारखा उलटा असतो, आणि शंख पुन्हा डावा होतो. वस्तू हातात फिरवून बघणं राहूनच जातं, याचं फार वाईट वाटतं.

कपाट आता दुसऱ्या खोलीत हलवलंय असं कळलं. शंख धुवायचे झाले तर साध्या पाण्याने, मऊ ब्रशनेच धुवा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. चुना विरघळतो आणि गेलेली चमक परत येत नाही.