भाड्याचं वर्ड सोडताना

माझ्या टायपिंगच्या दुकानातल्या चारही संगणकांवर वर्षाच्या सबस्क्रिप्शनचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस होतं, आणि दोनांवर पीडीएफ संपादनाचं आणखी एक सबस्क्रिप्शन. एकेक आकडा बघितला तर डोळ्यांत खुपण्याइतका मोठा नव्हता, म्हणून तर इतकी वर्षं चाललं. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (कार्डावरून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीच्या) नियमामुळे कार्डावरून पैसे जायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो. रक्कम 15,000 रुपयांच्या आत असेल तर ओटीपीही लागत नाही. मेसेज वाचायचा, "जाऊ दे की" म्हणायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. यंदा मेसेज आला तेव्हा टॅक्स कन्सल्टंटला द्यायची बिलं समोर पसरली होती आणि सगळे आकडे एकाखाली एक दिसत होते.

स्वस्त काय मिळतं हे शोधायच्या आधी मी एका वहीत लिहून काढलं की आपल्याकडे फाइल कुठून येते, कुठे जाते आणि आपल्यानंतर ती कोण उघडतं. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते या तिसऱ्या प्रश्नानं ठरवलं. कुणाचे फीचर किती, याच्या तुलना वाचण्यात मी उगाच रात्री घालवत होतो.

माझं टायपिंग आणि डीटीपीचं काम कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडच्या बाजूला, सीपीआर रुग्णालयापासून जवळ. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसायला लागलं आणि कामाची जातच बदलली. आधी प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध आणि लग्नसराईत पत्रिका. आता सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे वकीलही येतात. त्यांचा मसुदा वर्डमध्ये, त्यात लाल-निळ्या दुरुस्त्या, आणि शेवटी हवी असते पान क्रमांक आणि बुकमार्क घातलेली एकच लांबलचक पीडीएफ.

वहीत दिसलं ते असं. प्रतिज्ञापत्र आणि भाडेकरार इथेच टाइप होतो, इथेच छापला जातो. गिऱ्हाईक कागद घेऊन जातं, फाइल पुन्हा कुणी उघडत नाही. प्रबंध आणि याचिका मात्र चार हातांतून फिरतात. पत्रिकांचं काम अजून जुन्या पेजमेकरवर आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटवर चालतं. ते सॉफ्टवेअर एकदाच पैसे मोजून घेतलेलं आहे आणि फाँटचं डाँगल, म्हणजे परवान्याची जोडकिल्ली, अजून संगणकाच्या पाठीला लटकतंय. त्याला हात लावायचं कारणच नव्हतं.

म्हणजे निम्म्या कामाला वर्डची गरजच नाही. त्या कामाच्या दोन संगणकांवर लिबरऑफिस टाकलं. ते फुकट आहे. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. टाकायला वेळ लागत नाही, मराठीची घडी बसवायला लागतो. त्यात इंग्रजी मजकुराचा फाँट आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळे धरतात. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी निवडायची आणि मग मूळ स्टाइलमध्ये दोन्हीकडचा फाँट आणि आकार ठरवून द्यायचा. नाहीतर एकाच ओळीत ‘आधार कार्ड’ एका मापाचं आणि त्यापुढचं इंग्रजी नाव दुसऱ्याच. हे सगळं एकदा टेम्प्लेटमध्ये बसवलं की विषय संपला.

खरी डोकेदुखी मंगल फाँटची. जुन्या फाइली सगळ्या मंगलमध्ये. विंडोज 10 आणि 11 मध्ये हा फाँट आपोआप येईलच असं नाही. ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ उतरवून घ्यावे लागतात. तो नसला की दुसरा फाँट जागेवर बसतो, ओळी लांबतात आणि दोन पानांत बसणारा करार तिसऱ्या पानावर जातो. साध्या कागदावर असं झालं तर कोण विचारत नाही. 500 च्या स्टँपवर पहिल्या पानाचा हिशेब चुकला तर गिऱ्हाईक टेबलावरच बसून राहतं. फाँट घातल्यावर आमच्या ऑपरेटर मुलीनं रोजचे नमुने एकेक करून छापून जुन्या प्रतींवर ठेवून बघितले. "दादा, सहीची जागा सरकत्या बघा यात, मी टेबल काढून टॅब लावतो," म्हणाली, आणि लावले. जुन्या नमुन्यांत सहीसाठी कुणीतरी बिनरेषेचं टेबल आखून ठेवलं होतं. सगळी गडबड तिथंच होत होती.

लिबरऑफिसमधली एक सोय मला फार आवडली आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पीडीएफ करताना ‘हायब्रिड’ हा पर्याय निवडला की मूळ फाइल त्या पीडीएफच्या पोटातच राहते. भाडेकरार 11 महिन्यांनी पुन्हा करायचा असतो. गिऱ्हाइकानं तीच पीडीएफ पाठवली की लिबरऑफिसमध्ये उघडून तारखा बदलायच्या.

चार हातांतून फिरणाऱ्या प्रबंध-याचिकांच्या उरलेल्या दोन संगणकांसाठी वर्डचा कायमचा परवाना. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2024 ऑक्टोबर 2024 मध्ये आलं, ते एकदाच पैसे भरून एका संगणकासाठी मिळतं. त्यात दोन आवृत्त्या आहेत. ‘होम’ स्वस्त, पण धंद्यासाठी वापरायचा हक्क ‘होम अँड बिझनेस’मध्ये मिळतो. काउंटरवर बसून पैसे घेऊन काम करणाऱ्यानं दुसरीच घ्यायची. आउटलुकही तिच्यातच येतं, ते आम्ही उघडलेलं नाही. आणि ‘कायमचं’ म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही कायम, असं समजू नका. या आवृत्तीला त्या 9 ऑक्टोबर 2029 पर्यंतच मिळणार आहेत. ऑफिस 2016 आणि 2019 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 10 चाही त्याच दिवशी. तरी माझा हिशेब जमतो, कारण खर्च एकदाच आणि नवं कधी घ्यायचं ते मी ठरवणार.

याच सुमारास एकानं "लाइफटाइम की पाचशेत देतो, दुकानातल्या सगळ्यांवर चालंल" असं सांगितलं. अशा किल्ल्या बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात. आज चालू होतात आणि मूळ परवाना रद्द झाला की बंद पडतात. मी फक्त जीएसटी क्रमांक घातलेलं बिल मागितलं. त्यावर विषय तिथंच थांबला. सॉफ्टवेअरवर 18 टक्के जीएसटी आहे. नोंदणी असेल तर तो परत वळता होतो, आणि बिल खरं असल्याशिवाय होत नाही.

पीडीएफसाठी पीडीएफ-एक्सचेंज एडिटर घेतला. परवाना कायमचा, पहिलं वर्ष नव्या आवृत्त्या मिळतात, नंतर पैसे भरले नाहीत तरी हातातली आवृत्ती चालत राहते. पानं जोडणं, क्रमांक टाकणं, बुकमार्क, स्कॅनमधला मजकूर ओळखणं (ओसीआर), आमचं सगळं काम त्यात निघतं. बुकमार्कांबद्दल एक सांगतो: ते शेवटी हातानं घालत बसू नका. मसुद्यातच मथळ्यांना हेडिंगची स्टाइल द्या. वर्ड असो की लिबरऑफिस, पीडीएफ करताना त्याचे बुकमार्क आपोआप करून घेता येतात. वकीलसाहेबांना हे पटवणं वेगळंच काम. "ठळक केलंय की, मग हेडिंगच झालं ना?" ठळक केल्यानं ते होत नाही, साहेब.

पत्रिकांसाठीही नवं काही बघावं म्हणून मांडणीचं एक देखणं, एकदाच पैसे घेणारं सॉफ्टवेअर चाचणीला उतरवलं होतं. ‘श्री गजानन प्रसन्न’ टाइप केलं आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडक्या अक्षरांची रांग लागली. ते तिथेच काढून टाकलं. तुम्ही काहीही विकत घेण्याआधी चाचणी आवृत्तीत ‘दुसऱ्या’, ‘श्री’, ‘क्षत्रिय’ आणि ‘कार्यक्रम’ लिहून पीडीएफ करा, आणि त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. मराठीसाठी याहून मोठी परीक्षा लागत नाही.

जुनं सबस्क्रिप्शन बंद करण्याआधी क्लाउड रिकामा केला. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत मुदत संपल्यावर फाइल उघडते, छापता येते, पण संपादन बंद होतं. आणि साठवणीची मोठी जागा जाऊन फुकटची 5 जीबी उरते. त्यामुळे सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर, मग ऑटो-रिन्यू बंद, मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेटही रद्द. शेवटचं पाऊल बरेच जण गाळतात.

मुलगी आता फाइल आली की आधी विचारते, "परत जायची हाय का हितंच छापायची?" आणि त्याप्रमाणे टेबल दाखवते.

इचलकरंजीतला एक सूत व्यापारी मित्र हे ऐकून "आमचंबी सगळं लिबरऑफिसवर टाकून दे" म्हणून मागं लागला. त्याचा सगळा साठा आणि उधारी एक्सेलच्या एका फाइलमध्ये, आणि ती कुणीतरी पूर्वी लिहिलेल्या मॅक्रोवर (आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालते. एक्सेलचे मॅक्रो लिबरऑफिसमध्ये काही चालतात, काही चालत नाहीत. त्याला सांगितलं, ती फाइल आहे त्या संगणकावर कायमच्या परवान्याचं ऑफिस घे, बिलं टाइप करणाऱ्या पोराच्या संगणकावर लिबरऑफिस टाकू. मॅक्रो कुणी लिहिले होते, ते तो आता शोधतोय.