कटुवापिटियाला अर्धाच तास

मंगळवार, रात्री

पाय भरून आलेत, पण आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या कँडीच्या गडबडीत राहूनच जाईल. कोल्हापुरातनं यात्रेला निघताना ग्रुपमधल्या सगळ्यांना एकच काळजी, श्रीलंकेत तिखट मिळतंय का. (मिळतंय, खोबऱ्याचा सांबोल आपल्या ठेच्याला भारी पडतोय.)

सकाळी नेगोंबोजवळच्या कटुवापिटियाचं संत सेबास्टियन चर्च. २०१९ ला, २१ एप्रिलला, ईस्टरची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना इथं स्फोट झाला, या एका चर्चमध्येच शंभरावर माणसं गेली. तेव्हा टीव्हीवर बघितलेलं सगळं, पण आत गेलो तर काचेच्या पेटीत पुनरुत्थित येशूचा पुतळा, अंगावर त्या दिवशी उडालेलं रक्त अजून तसंच ठेवलंय. माझ्या पर्समध्ये नात्यातल्यांनी, शेजारणींनी दिलेल्या चिठ्ठ्या, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, आणि आमच्या पोराचं व्हिसाचं. एकही काढावीशी वाटेना. सासूबाई म्हणाल्या, "आधी ह्या लोकांसाठी, आपलं मागनं बघू," आणि त्यांनीच "नमो मरिये" सुरू केलं. मंगळवार म्हणजे रोझरीत (आमची जपमाळ) दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग एकेक आठवत म्हणायचं. शेजारच्या बाकावरच्या एक बाई सिंहलीत आमच्याबरोबर म्हणायला लागल्या, शब्द कुणालाच कळत नव्हते पण मणी बरोबर एकदमच सरकत होते. तिसऱ्या रहस्यावर होतो तोवर बाहेर बसचा हॉर्न. उरलेली रोझरी बसमध्ये म्हटली.

मग फादरनी संत जोसेफ वाझांचं सांगितलं. गोव्यातल्या बाणावलीचे, म्हणजे आपल्या घाटाखालचेच की! डचांनी इथं कॅथलिकांवर बंदी घातलेली, तेव्हा १६८७ ला हे मजुराच्या वेशात आले, कँडीत हेर समजून तुरुंगात टाकलं तरी हलले नाहीत, १७११ ला तिथंच वारले. २०१५ ला पोप फ्रान्सिसनी कोलंबोतच त्यांना संत जाहीर केलं. त्यांचा जन्मदिवस २१ एप्रिल. हे ऐकल्यावर बसमध्ये कुणी बोललंच नाही बराच वेळ.

दुपारी कोलंबोत कोच्चिकडेचं संत अंतोनीचं चर्च. इथंही त्याच ईस्टरला स्फोट झालेला, नौदलाच्या लोकांनी दुरुस्त करून दिलं आणि १२ जूनला, अंतोनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, परत उघडलंसुद्धा. मंगळवार अंतोनीचा वार, त्यामुळं शुक्रवारी अंबाबाईला असते तशी गर्दी, आणि त्यात हिंदू, बौद्ध सगळेच. जिथं एवढं झालं तिथं ही माणसं पोराबाळांना कडेवर घेऊन येतात, मला त्यांचं लई मोठेपण वाटलं. चिठ्ठ्या मग इथं काढल्या, एकेक नाव घेऊन.

एक मात्र पटलं नाही. टूरवाल्यानं कटुवापिटियाला अर्धा तास ठेवलेला आणि संध्याकाळी बीचला अडीच तास. आपण यात्रेला आलोय ना? जेवताना फादरना स्पष्ट सांगितलं, पुढच्या ग्रुपला सकाळची मिस्साच तिथं ठेवा, बीच कमी करा. ते हो म्हणालेत, पण कोल्हापूरला गेल्यावर मी परत आठवण करणारच.